स्वप्नात न आलेल्या मास्तरीणबाई

अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मॅरो बेटावर शाळा हवी, असं सगळ्यांत आधी बायना म्हणाली. आणि ते ती इतक्या वेळा, इतक्या मोठ्याने म्हणाली की शेवटी लोकांना वाटायला लागलं, शाळा आली तर निदान दिवसातले काही तास तरी ही बया गप्प बसेल.

बयेचं वय पन्नाशीच्या अलीकडे की पलीकडे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. जन्मभर कालवं फोडून तिचे हात खरबरीत झाले होते. जीभ मुळातच तशी होती. लोक तिला मॉम बायना म्हणत, मानाने. पाठीमागे काय म्हणत ते सोडा. या वयात शाळा कशाला गं तुला, असं कुणी विचारलं की ती कमरेवर हात ठेवून सांगायची, "हे बघ. आम्ही गुलाम होतो तेव्हा मालकीणबाई तीन गोष्टी कुलपात ठेवायची. साखर, दारू आणि पुस्तकं. साखर मी चोरून खाल्ली. दारू चोरून प्यायले. दोन्ही फसकलास निघाल्या. आता तिसरीत काय आहे ते बघितल्याशिवाय मी काही मरायची नाही."

ही झाली चारचौघांत सांगायची गोष्ट. खरं ती कुणाला सांगत नसे. खरं म्हणजे तिला लाज वाटायची. ब्यूफर्टला कालवं विकायला गेली की दुकानांवरच्या पाट्यांखालून ती मान खाली घालून जायची. भिंतीच्या भिंती काहीतरी बोलतायत, कदाचित आपल्याबद्दलच बोलतायत, आणि आपल्यालाच काही कळत नाही, असं तिला वाटायचं. युद्धाच्या तोफा वाजल्या, मालक लोक जेवणाच्या ताटावरून उठून होडीत बसून पळाले, नंतर कायदा होऊन सगळे गुलामीतून मोकळे झाले. सगळं झालं. पण पाट्या होत्या तिथेच होत्या.

तर एकदाची तिची बोंबाबोंब बोस्टनच्या मंडळापर्यंत पोचली आणि मिस्टर पिल्सबरी होडीतून उतरले. मंडळाच्या वतीने बेटांवर मास्तर आणि मास्तरणी नेमणं हे त्यांचं काम. उंच, वाळकुडे, घशात कायम खोकला अडकलेला. माणूस भला होता, पण भल्या माणसांना असते तशी त्यांना सभा घ्यायची फार हौस होती.

"आमच्याकडे आता एकच शिक्षिका शिल्लक आहे," ते प्रार्थनाघरात उभे राहून म्हणाले. "मिस व्हिटकोम. शेजारच्या बुल नेकच्या लोकांनीही मागणी केली आहे. त्यांनी तर चूल असलेली खोली देऊ केली आहे."

बुल नेकचं नाव निघताच बाकांवर खळबळ उडाली. बुल नेकवाल्यांना काहीही मिळालं की ते पुढची दहा वर्षं तेच ऐकवतात, हे अख्ख्या किनाऱ्याला माहीत आहे.

"बाई माझ्याकडे राहतील!" बायना ओरडली. "माझ्याकडे चूल आहे, कोंबड्या आहेत, आणि नवरा नाही. आणखी काय पाहिजे एखाद्या बाईमाणसाला?"

"आणि शाळा इथेच भरेल, प्रार्थनाघरात," कुणीतरी म्हणालं. दुसरी जागा नव्हतीच. बेटावर न गळणारं छप्पर तेवढं एकच.

"उत्तम," पिल्सबरी म्हणाले. "आता फक्त तुमच्या वडीलधाऱ्यांची संमती हवी. मागच्या वर्षी एका ठिकाणी आम्ही संमती न घेता बाई नेमल्या. त्यांनी अख्खा हिवाळा रिकाम्या खोलीला शिकवलं."

सगळ्यांच्या माना डॅडी ब्रिस्टलकडे वळल्या.

डॅडी ब्रिस्टल म्हणजे प्रार्थनाघराचा प्रमुख. म्हातारा, गुडघ्यांना संधिवात, म्हणून दोन्ही गुडघ्यांना बारा महिने लाल फ्लॅनेलच्या पट्ट्या गुंडाळलेल्या. त्याला अक्षर येत नव्हतं, पण अख्खं बायबल पाठ होतं. निदान तो तसं म्हणायचा. त्याच्या बायबलात दोनतीन गोष्टींची खिचडी होऊन मोशे माशाच्या पोटातून बाहेर यायचा आणि फारो राजाला सांगायचा की तुझा कापूस तूच वेच. लोकांना ते फार आवडायचं. पुस्तकात तसंच आहे की नाही हे तपासणारं कुणी नव्हतं, आणि आता तपासणारी येऊ घातली होती. त्यामुळे डॅडी ब्रिस्टलचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तो सावकाश उठला. "साहेब, आमचा एक रिवाज आहे. ज्याच्याकडून शिकायचं तो आधी स्वप्नात दिसावा लागतो. इथल्या प्रत्येकाने प्रार्थनाघरात यायच्या आधी रानात जाऊन शोध केलाय. रात्र रात्र जागून काढलीय. आणि देवाने ज्याचा चेहरा दाखवला त्याच्याच दारात जाऊन म्हटलंय, मला शिकव. आवडता असो, नावडता असो."

"नावडताच असतो," बायना पुटपुटली. तिला तिच्या वेळी बेटावरच्याच टायराची आई दिसली होती, जिच्याशी तिचं विहिरीवर रोज भांडण व्हायचं.

"पण शिक्षिका निवडायचं काम माझं आहे," पिल्सबरी गोंधळून म्हणाले.

"निवडा की. आम्ही कुठे नाही म्हणतोय? तुम्ही निवडा, देव दाखवेल, आम्ही घेऊ. तिघांचं जमलं पाहिजे."

यावर बोस्टनच्या मंडळाने त्यांना काही शिकवून पाठवलं नव्हतं. ते बराच वेळ खोकले. मग म्हणाले, पुढच्या फेरीला मी बाईंना घेऊन येतो. तोवर तुमचं काय ते जमवा. नाही जमलं तर बाई तशाच पुढे बुल नेकला जातील.

लोकांनी मान डोलावली. रिवाज तो रिवाज. बायनाच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. म्हातारा लबाड आहे, शाळा नको म्हणायची छाती नाही म्हणून देवाच्या आड लपतोय, असं तिचं स्पष्ट मत झालं. पण ती काही नुसतं मत करून घेऊन घरी जाणारी बाई नव्हती. पिल्सबरींचं गाठोडं उचलून ती त्यांना धक्क्यापर्यंत पोचवायला निघाली.

"साहेब, बाई दिसायला कशा आहेत हो? नाही म्हणजे, खाट केवढी करायची ते कळलं पाहिजे."

"उंच आहेत. किरकोळ."

"गोऱ्या?"

"हो, अर्थात."

"डोळे? म्हणजे उन्हाचा त्रास होतो का? खिडकीला पडदा लावायचा तर."

"चष्मा लावतात."

"आणि कपडे कोणत्या रंगाचे घालतात?"

पिल्सबरी थांबले. "त्याचा खाटेशी काय संबंध?"

"खुंट्यांशी आहे, साहेब. फिक्या कपड्यांना लाकडाचा डाग पडतो."

"राखाडी," पिल्सबरी म्हणाले. त्यांना वाटलं, किती ही काळजी! डोळ्यांत पाणी आलं बिचाऱ्यांच्या.

आता एक गोष्ट बायनाच्या बाजूनेही सांगितली पाहिजे. तिने आधी सरळ मार्गाने बघितलं. मिस व्हिटकोमचा चेहरा मनात धरून ती झोपायला लागली. झोप गाढ लागायची, स्वप्नाचा पत्ता नाही. मग तिने झोपायच्या आधी मक्याची लापशी आणि खारं डुकराचं मांस पोट फुटेस्तोवर खाऊन बघितलं. त्याने स्वप्न पडलं, पण स्वप्नात आला तिचा मेलेला नवरा, आणि तोही माझी चिलीम कुठे ठेवलीस म्हणून विचारायला. "मेल्या, मेल्यावर तरी स्वतःची वस्तू स्वतः शोध!" असं ओरडतच ती जागी झाली.

शेवटी रविवारी ती प्रार्थनाघरात उभी राहिली. बायना खोटं बोलायला घाबरायची नाही. मालकाशी बोलली होती, मुकादमाशी बोलली होती, कालवांच्या गिऱ्हाइकांशी तर रोजच बोलायची. पण इथे, देवाचं नाव घेऊन, ती कधी बोलली नव्हती. मग डोळ्यांसमोर ब्यूफर्टच्या पाट्या आल्या आणि ती घडाघडा बोलायला लागली.

"मी बघितलं! पाण्यावरून बाई येत होती. उंच! काठीसारखी! गोरी! डोळ्यांवर काचा, काचांतून उजेड येतोय! अंगात राखाडी झगा! आणि ती म्हणाली, बायने, उठ!"

अख्खं प्रार्थनाघर "आमेन" म्हणालं. टायरासुद्धा म्हणाली, पण नाक मुरडून. मॉम टायरा ही बायनाची लहानपणापासूनची वैरीण. शोधाच्या वेळी तिला जळत्या ढगात स्वतः संत पीटर दिसला होता आणि तेव्हापासून ती इतरांच्या स्वप्नांना जरा कमीच लेखायची. डॅडी ब्रिस्टलने बायनाकडे टक लावून बघितलं. बायना घरी गेली आणि खाट ठोकायला बसली.

थाप मारायची तर ढोबळ मारावी. उजेड दिसला म्हणावं, आवाज ऐकला म्हणावं. चष्मा, झगा, उंची असं सगळं मापून सांगू नये. पण हे बायनाला कळलं ते होडी धक्क्याला लागली तेव्हा.

सगळं बेट ठेवणीतले कपडे घालून धक्क्यावर जमलं होतं. नव्हता तो फक्त डॅडी ब्रिस्टल. गुडघे दुखतायत, असा त्याचा निरोप आला होता. होडीतून आधी पिल्सबरी उतरले. मग एक ट्रंक उतरली. मग ट्रंकेमागून एक बाई उतरली. बुटकी, गोल गरगरीत, धक्क्यावरच्या कुणाहीइतकी काळीकुळकुळीत. हिरवा झगा, डोक्यावर टोपी, टोपीवर भुसा भरलेला पिवळा पक्षी. चष्मा नाही.

"दिवस चांगला आहे!" ती म्हणाली. "ही ट्रंक कोण घेणार? तू नको, तू मोडशील. तू ये."

"मिस व्हिटकोम यांना ब्यूफर्टमध्ये ताप आला," पिल्सबरी सांगायला लागले. "त्यांच्या जागी या मिस ऑर्फा ब्रॅडॉक. उत्तरेकडच्या ओहायोच्या. तिथे त्यांनी अनेक वर्षं..."

पुढचं कुणी ऐकलं नाही. सगळे बायनाकडे बघत होते.

पिल्सबरींना वाटलं, लोक भारावून गेलेत. त्यांनी स्वागतासाठी आणलेलं बायबल उघडलं आणि घसा खाकरून वाचायला सुरुवात केली. चारपाच ओळी झाल्या असतील नसतील, मिस ऑर्फाने मान वाकडी करून पानात बघितलं आणि बोट टेकवलं.

"मिस्टर पिल्सबरी, एक ओळ राहिली तुमची."

पिल्सबरींनी बघितलं. "खरंच की. माफ करा, मिस ब्रॅडॉक." आणि त्यांनी मागे जाऊन पुन्हा वाचलं.

गोऱ्या माणसाला आपल्यातल्या एका बाईने पुस्तकात बोट घालून चूक दाखवली होती, आणि तो माफ करा म्हणाला होता. बायना दोन पावलं पुढे सरकली. ही बाई तिला हवी होती. काठीसारखी ती दुसरी नको, हीच. आणि हिलाच आता परत जावं लागणार होतं.

वाचन संपल्या संपल्या टायरा पुढे झाली. "साहेब, बाई चांगल्या आहेत. पण या त्या नव्हेत. मॉम बायनाला दिसल्या त्या उंच होत्या. देवाने त्या दाखवल्या, या नाही. यांना आम्ही कसं ठेवून घेणार?"

"मग," पिल्सबरी हताश होऊन म्हणाले, "मला त्यांना बुल नेकला न्यावं लागेल."

बायनाला समोर दोन रस्ते दिसत होते आणि दोन्ही वाईट. गप्प बसली तर बाई चालल्या. खरं बोलली तर तिला प्रार्थनाघरातून बाहेर काढणार. देवाच्या नावाने खोटं स्वप्न सांगणाऱ्याला दुसरी शिक्षा नव्हती. आणि शाळा भरणार प्रार्थनाघरातच. म्हणजे शाळा येणार आणि ती सोडून सगळ्यांना मिळणार. टायरालासुद्धा! तिला रडू फुटायला आलं. मिस ऑर्फा ट्रंकेवर बसून टोपीवरचा पक्षी सरळ करत होती. बायनाने एक शिवी हासडली, कुणाला ते तिलाही कळलं नाही, आणि ती ओरडली,

"मला कुणी दिसलं नाही! थाप मारली मी! साहेबालाच विचारून घेतलं होतं सगळं. माझ्या थापेपायी या बाईंना परत पाठवू नका. करायचं ते माझं करा."

बायका तोंडावर हात ठेवून मागे सरल्या. टायराने डोळे मिटले. आनंदाने की दुःखाने, ते तिचं तिला माहीत. मग तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "म्हणजे उंच बाईही कुणाला दिसली नाही, आणि बुटकीही दिसली नाही. मग तर मुळीच ठेवता येणार नाही."

"होडी उद्या सकाळच्या भरतीला सुटेल," पिल्सबरी कपाळ धरून म्हणाले. "तोपर्यंत काय दिसायचं ते दिसू द्या."

लोक पांगायला लागले. बायना तोंड फिरवून डोळे पुसत होती, तेवढ्यात तिची नजर होड्यांच्या छपरीमागे गेली. ताडाच्या झुडपात काहीतरी लाल हललं. लाल फ्लॅनेल. दोन गुडघ्यांना गुंडाळलेलं. झुडपात वाकून बसलेल्या माणसाने हळूच मान आत घेतली. गुडघे दुखतायत म्हणे! पण बायनाची अवस्थाच अशी होती की दुसऱ्यावर ओरडायचंही तिच्यात त्राण नव्हतं.

सकाळी प्रार्थनाघर गच्च भरलं. आधी बायनाचा निकाल लागला. डॅडी ब्रिस्टलने तिच्याकडे न बघता सांगितलं, बायना आजपासून बाहेर. तिने पुन्हा रानात जाऊन शोध करावा. खरं काही दिसेपर्यंत उंबरठा ओलांडू नये. बायना उठली, बाहेर गेली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. तेवढं तरी कुणी बंद केलेलं नव्हतं.

मग स्वप्नं सुरू झाली. रातोरात निम्म्या बेटाला बुटकी बाई दिसली होती. कुणाला पाण्यावर, कुणाला झाडावर, एकाला तर पिवळ्या पक्ष्यावर बसलेली. डॅडी ब्रिस्टलने हात वर केला.

"गप्प! दिवसा धक्क्यावर बघितलं तेच रात्री दिसलं. हे काय स्वप्न झालं? जो धक्क्यावर नव्हता त्यालाच दिसलं तर खरं."

"पण धक्क्यावर नव्हतं असं कोण आहे?" टायरा म्हणाली.

म्हाताऱ्याने गुडघ्यावरची पट्टी घट्ट केली. "मी नव्हतो," तो म्हणाला. "आणि मला दिसली. बुटकी. गोल. आपल्यासारखी काळी. हिरवा झगा. टोपीवर पक्षी."

आत एकच गलका झाला. लोक रडायला लागले, टाळ्या वाजवायला लागले, कुणीतरी गाणं धरलं. चौकटीत बायनाचा आ वासला तो वासलाच. त्या गदारोळातून डॅडी ब्रिस्टलने एकदाच दाराकडे बघितलं. त्या नजरेत भीती होती. तिने आपल्याला बघितलं होतं, हे त्याला माहीत होतं.

एक शब्द पुरला असता. झुडूप. एवढं म्हटलं असतं तरी म्हातारा तिच्या शेजारी बाहेर येऊन उभा राहिला असता. आणि बाई बुल नेकला गेल्या असत्या. आयुष्यात कधी जिभेला लगाम न घातलेल्या बाईला जन्मभरात एकच शब्द गिळायचा होता, आणि तो घशात माशाच्या काट्यासारखा अडकला होता.

"आमेन," बायना म्हणाली. असा आमेन त्या प्रार्थनाघराने कधी ऐकला नव्हता. शिवीपेक्षा वाईट वाटला.

होडी मिस ऑर्फाला ठेवून गेली. पुढची होडी कधी येईल ते वारा आणि पिल्सबरींचा खोकला यांवर अवलंबून होतं.

शाळा भरली त्या दिवशी बायना कालवांची टोपली पालथी घालून खिडकीखाली बसली होती. आत पोरं, म्हातारे, लेकुरवाळ्या बायका, सगळे कोंबून बसलेले. मिस ऑर्फाने एक अक्षर काढलं आणि त्याचं नाव सांगितलं, ए. बायनाला ते ऐकू आलं, पण फळा दिसत नव्हता. ती टोपलीवर उभी राहिली. टोपली मोडली.

आतून हशा पिकला. मिस ऑर्फाने खिडकीतून बघितलं. "या बाहेर का आहेत? मी राहते यांच्याच घरी. सकाळपासून मला घाई करतायत, आणि स्वतः बाहेर?"

"त्यांना आत यायला बंदी आहे," टायरा म्हणाली. "त्यांनी तुम्हाला स्वप्नात बघितलं नाही."

"ओहायोत मला कुणीच स्वप्नात बघितलं नव्हतं," मिस ऑर्फा म्हणाली. "तरी सगळे आत बसायचे."

पुढच्या बाकावर डॅडी ब्रिस्टल पाटी मांडीवर घेऊन बसला होता. तो उठला. गुडघे कडकड वाजले. तो बाहेर आला आणि मोडलेल्या टोपलीशेजारी, बायनाच्या बाजूला, धपकन जमिनीवर बसला.

"माझ्या झग्यावर बसलात," बायना म्हणाली. "आणि आत जा बघू. गप्प राहिले ना मी? आता काय माझी मेहनत वाया घालवता?"

"होडी गेली ना?"

"गेली."

"मग झालं तर." तो खिडकीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "ऐका रे! मी झुडपात होतो. धक्क्यावर जे झालं ते सगळं मी बघितलं. मला स्वप्नबिप्न काही पडलं नाही. रात्रभर झोपच लागली नाही तर स्वप्न कुठून पडणार!"

आतली डोकी खिडकीशी गोळा झाली.

"मी नाहीच म्हणणार होतो," म्हातारा बायनाला म्हणाला, पण ऐकू सगळ्यांना येत होतं. "तुम्ही सगळे वाचायला लागलात तर माझं काय राहिलं, असं वाटायचं. मग तिने त्या पानावर बोट ठेवलं. तो गोरा म्हणाला माफ करा. मी म्हातारा माणूस, बायने. हे मला मरायच्या आधी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं. मग खोटं बोललो. आणि तुला बाहेर काढून स्वतः आत बसलो. एक अक्षर शिकलो आणि तेही गोड लागेना."

बायनाने झगा त्याच्या खालून ओढून घेतला आणि मग थोडी सरकून त्याला सावलीत जागा दिली.

दारात एक मच्छीमार येऊन उभा राहिला. चांगला धिप्पाड गडी, पण मान खाली. "डॅडी, मी पण बाहेरच बसतो. शोधाच्या वेळी मी आजोबा दिसले म्हणून सांगितलं होतं. खरं मला वासरू दिसलं होतं. वासराच्या दारात जाऊन काय म्हणणार?"

त्याच्यामागून एक तरणी बाई आली. "मला काहीच दिसलं नव्हतं. डास चावायला लागले, मी घरी येऊन झोपले." मग तिचा नवरा आला, हे त्यालाही नवीनच होतं, पण त्याचंही काहीतरी होतं. मग तर रीघ लागली. कुणी स्वप्न उसनं घेतलं होतं, कुणी मधला भाग गाळला होता, कुणी शेवट बदलला होता. प्रार्थनाघर रिकामं होत गेलं आणि समोरच्या ओकच्या झाडाखालची जागा भरत गेली. काही पोरांनी अजून शोध केलाच नव्हता, तीसुद्धा बाहेर आली, उगाच मागे राहायला नको म्हणून.

आत उरल्या दोघी. टायरा ताठ बसून होती.

"माझं खरं होतं!" ती ओरडली. "जळता ढग! संत पीटर! सगळं खरं होतं!"

"असेल हो," मिस ऑर्फा म्हणाली, आणि फळा बगलेत मारून ती बाहेर आली. तिने तो ओकच्या बुंध्याला टेकवला, टोपी सरळ केली आणि जमलेल्या खोटारड्यांकडे एकदा नजर टाकली. "ओहायोत माझा वर्ग इतका भरलेला कधी नव्हता," ती म्हणाली.

थोड्या वेळाने टायरा बाक फरफटत घेऊन आली आणि उंबरठ्यावर बसली. "मी आतच आहे," तिने सगळ्यांना बजावलं. "फक्त कान बाहेर आहेत." पुढे रविवारी सगळ्यांना परत आत घेण्याचा अधिकार असलेली बेटावर ती एकटीच उरली होती. तिने सगळ्यांना घेतलं, आणि जन्मभर ऐकवलं.

"चला," मिस ऑर्फा म्हणाली. "पहिलं अक्षर फळ्यावर कोण काढणार?"

सगळ्यांनी बायनाकडे बघितलं. बायना उठली. खडू तिच्या बोटांत एवढासा वाटत होता, दाबला तर मोडेल असा. तिने एक रेघ काढली, ती वाकडी गेली. दुसरी काढली, ती पहिलीला भेटली. मधली आडवी रेघ काढताना तिची जीभ दातांत आली होती. मग ती मागे सरली. ते अक्षर एका बाजूला कलंडलेलं होतं, पण उभं होतं.

"बरोबर," मिस ऑर्फा म्हणाली.

"काय म्हणालात?"

"बरोबर आहे, मॉम बायना."

मालकिणीने तिला आळशी म्हटलं होतं, मुकादमाने चोर म्हटलं होतं, नवऱ्याने बडबडी म्हटलं होतं, आणि आत्ता आत्ता अख्ख्या बेटाने खोटारडी म्हटलं होतं. त्यातलं बरंचसं खरंही होतं. पण बरोबर आहे, असं तिला आजवर कुणीही म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि भर वर्गात, पोराटोरांसमोर, ती हमसाहमशी रडायला लागली.

"काय बघताय माझ्याकडे?" तिने डॅडी ब्रिस्टलला दरडावलं.

"तुझ्याकडे कुठे? मी फळ्याकडे बघतोय."

"मग रडताय कशाला?"

"खडू गेला डोळ्यात," म्हातारा म्हणाला. खडू अजून बायनाच्याच हातात होता.